वेटेल निघाला आणि मला चक्क वाईट वाटलं

चौथा_गिअर
सोमवार, २१ नोव्हेंबर २०२२, सकाळी ८:४०

काल संध्याकाळी साडेसहाला अबू धाबीची फॉर्म्युला वन शर्यत लावली तेव्हा घरात टीव्हीवरून आधीच जुंपली होती. रात्री साडेनऊला कतार-इक्वेडोर, फुटबॉल वर्ल्ड कपचा पहिला सामना. धाकट्याचं म्हणणं असं की त्याआधीची सगळी बडबडही त्याला बघायचीय, तेव्हा टीव्ही आत्तापासून त्याचा. मी सांगून टाकलं, आज वेटेलची शेवटची शर्यत आहे, आठपर्यंत कुणी रिमोटला हात लावायचा नाही. आतून बायकोचा आवाज आला, "हा तोच ना, ज्याला तू शिव्या द्यायचास?"

हो. तोच.

मी मूळचा शुमाकरवाला. तो गेल्यावर फेरारी सोडवली नाही, म्हणून अलोन्सोवाला. त्यामुळे २०१० ते २०१३ ही चार वर्षं माझ्यासाठी साडेसातीच होती. २०१० ला याच अबू धाबीत अलोन्सो पेत्रोव्हच्या मागे चाळीस फेऱ्या अडकून राहिला आणि हे २३ वर्षांचं पोरगं चार गुणांनी विजेतं झालं. वर्षभर एकदाही गुणतक्त्यात पहिला नव्हता, झाला तो थेट शेवटच्या दिवशी. २०१२ ला ब्राझीलमध्ये पहिल्याच फेरीत ब्रुनो सेन्नाशी टक्कर होऊन त्याची गाडी उलट तोंड करून उभी राहिली, तेव्हा मी हॉलमध्ये एकटाच टाळ्या वाजवत उठलो होतो. तिथून तो सहावा आला आणि तीन गुणांनी परत विजेता. आणि जिंकला की ते वर केलेलं बोट! ते बोट बघितलं की माझं डोकं फिरायचं.

२०१३ ला बुद्ध सर्किटवर गेलो होतो. पुण्याहून झेलमने दिल्ली, तिथून मित्राच्या घरी नोएडाला. त्याला ऑफिसातून मेन स्ट्रेटसमोरची दोन तिकिटं मिळाली होती, एरवी माझी काय बिशाद. व्ही-एट इंजिनांचं ते शेवटचं वर्ष. कानात पिवळे स्पंजचे बोळे घालूनही आवाज बरगड्यांत वाजायचा. वेटेल जिंकला, चौथं विजेतेपद पक्कं झालं, आणि गाडी पार्क फर्मेला (शर्यतीनंतर गाड्या लावायची ठरलेली जागा) न नेता त्याने आमच्या समोर आणून गरागरा फिरवली. पांढराशुभ्र धूर. जळक्या रबराचा वास मात्र जरा उशिरा आला, धूर विरायला लागल्यावर. मग तो उतरला, गाडीसमोर गुडघ्यांवर बसला आणि खाली वाकून तिला नमस्कार केला. पंधराच दिवसांपूर्वी दसऱ्याला मी माझ्या स्प्लेंडरला झेंडूचा हार घालून अगदी तसाच नमस्कार केला होता. म्हणजे बाकी कुणाला नाही तरी मला तरी ते कळायला हवं होतं. अख्खा स्टँड उभा. त्याने हातमोजे काढून लोकांत फेकले. मित्र ओरडला, "ए, आता तरी वाजव!" मी हाताची घडी घालून बसून राहिलो.

त्या धुरापायी त्याच्या संघाला, रेड बुलला, २५,००० युरो दंड झाला आणि वेटेलला ताकीद मिळाली. तेव्हा मला कोण आनंद झाला होता.

काल तो दहावा आला. एक गुण. २००७ ला इंडियानापोलिसला जायबंदी कुबित्साच्या जागी पहिल्यांदा बसला, तेव्हा आठवा आला होता. तेव्हाच्या नियमाने त्याचाही एकच गुण. मधल्या काळात ५३ विजय, ५७ पोल (म्हणजे सर्वांत पुढून सुटायचा मान), चार विजेतेपदं. काल शर्यत संपल्यावर त्याने परत गाडी गरागरा फिरवली आणि माझा घसा दाटून आला. मला समजून घ्यायचंय की हे झालं कधी. तुमचंही असं कुणाचं झालंय का?


ओव्हिएदोचा_भाचा
सोमवार, सकाळी ९:०५

पहिला!

चौथा, तुम्ही पक्ष बदललात, मी बदललेला नाही. माणूस चांगला, मान्य. पण निरोपाच्या भरात इतिहास धुऊन काढू नका. चारही विजेतेपदं रेड बुलचा डिझायनर ॲड्रियन न्यूई याच्या गाडीतली. २०१४ ला नियम बदलले, संघात शेजारी रिकार्डो आला, आणि हिशोब काय? २३८ विरुद्ध १६७. रिकार्डोचे तीन विजय, वेटेलचा शून्य. आणि २०१३ चं मलेशिया कुणी विसरू नये. संघातल्याच वेबरच्या मागे राहा असा स्पष्ट आदेश असताना त्याला ओलांडून जिंकला होता हा. त्या वर्षी पोडियमवर लोक हुर्यो करायचे ते उगाच नाही.

हुर्यो करणाऱ्यांत मी होतो. टीव्हीसमोर, पण होतो. ह. घ्या.


रंकाळ्यावरनं
सोमवार, सकाळी ९:४८

भावा, नुसतं न्यूई न्यूई काय लावलंयस? २००८ चं मोन्झा बघितलंस काय?

धो धो पाऊस. गाडी टोरो रोसो, म्हणजे पूर्वीची मिनार्डी, जी आयुष्यभर शेवटच्या रांगेत उभारली. पोरगं २१ वर्षांचं. शनिवारी पोल, रविवारी सेफ्टी कार, म्हंजे सगळ्यांना हळू न्यायची गाडी, तिच्यामागनं सुटलं ते सुटलंच. थोरल्या रेड बुल संघाला तवर एकबी शर्यत जिंकाय आली नव्हती. धाकट्या घरानं आधी जिंकली. आणि थोरल्याला पहिली कुणी जिंकून दिली? पुढच्या साली चीनमध्ये, परत पावसात, ह्यानंच.

आमच्याकडं कार्टिंगचा नाद जुना हाय, पोरं ट्रॅकवर वाढल्यात. पावसात ओल्या ट्रॅकवर गाडी सरळ ठेवून दाखवा म्हणावं, मग न्यूईचं नाव काढा. नाद खुळा माणूस होता.


मृण्मयी_डार्मश्टाट
सोमवार, दुपारी १:१५

चौथा_गिअर, लेख फार आवडला. तो दसऱ्याचा नमस्कार तर खासच.

मी राहते तिथून हेपेनहाइम, म्हणजे वेटेलचं गाव, लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत येतं. डोंगराच्या पायथ्याशी द्राक्षमळे, जुन्या चौकात लाकडी चौकटीची घरं, आणि रविवारी चिटपाखरू नाही. वडील सुतार. शनिवार-रविवार पोराला घेऊन कार्टच्या शर्यतींना जायचे. केर्पेनचा ट्रॅक तर शुमाकरच्या वडिलांच्या देखरेखीखाली, आणि ते पेशाने गवंडी. लहानग्या सेबला तिथे शुमाकरच्या हातून बक्षीस मिळतानाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. सुताराचा मुलगा आणि गवंड्याचा मुलगा, दोघांची मिळून अकरा विजेतेपदं. इथे ऑफिसात कुणी फॉर्म्युला वनचा विषय काढला की मी एवढंच सांगते.

माझं मन बदललं ती तारीखही मला माहीत आहे. जुलै २०१८, हॉकेनहाइम. त्याच्या गावापासून गाडीने पाऊण तास, म्हणजे घरचंच मैदान. मी स्टेडियमच्या भागात बसले होते. तो पहिला. ५२ वी फेरी. पाऊस म्हणाल तर इतका किरकोळ की छत्री उघडावी की नाही असा प्रश्न पडावा. त्याची लाल फेरारी आमच्या समोरच्या वळणावर आली, पुढची चाकं वळली आणि गाडी वळलीच नाही. वाळूतून सरकत जाऊन भिंतीला टेकली. वेग एवढा कमी की डोळ्यांना ते अपघातासारखं वाटलंच नाही. मग स्क्रीनवर तो स्टिअरिंगवर हात आपटताना दिसला. माझ्या शेजारी एक आजोबा फेरारीची टोपी घालून बसले होते. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि शर्यत संपेपर्यंत परत घातली नाही. चौदाव्या जागेवरून निघालेला हॅमिल्टन जिंकला.

त्याआधी मला वेटेल म्हणजे एक यंत्र वाटायचा. त्या दिवसानंतर तो मला कुणीतरी ओळखीचा वाटायला लागला.


जुना_अँटेना
सोमवार, दुपारी ३:३०

मृण्मयीताई, सुरेख. मी इथला म्हातारा, स्टीव्ह स्लेटर आणि ख्रिस गुडविनच्या समालोचनावर वाढलेला. (वाढलेला म्हणजे चाळिशीत वाढलेला.)

भाचेसाहेब, तुम्ही २०१२ च्या ब्राझीलला शेवटच्या फेऱ्यांत काय झालं ते आठवा. ती शुमाकरची शेवटची शर्यत. तो सहावा होता. मागून वेटेल आला आणि थोरल्याने धाकट्याला वाट दिली. वेटेलला त्या जागेची विजेतेपदासाठी गरज पडली असती की नसती, तो हिशोब तुम्हीच करत बसा. माझ्या डोळ्यांसमोर राहिलंय ते एवढंच, की जाणाऱ्याने राहणाऱ्याला पुढे जाऊ दिलं.

माणसं हा खेळ सोडतात कशी हे मी बरीच वर्षं बघतोय. १९९४ ला इमोलाला आयर्टन सेन्नाला जाताना बघितलं. त्यावर आणखी लिहीत नाही. शुमाकर एकदा गेला, चार वर्षांनी परत आला. रोझबर्ग २०१६ ला विजेता झाला आणि पाच दिवसांत राजीनामा देऊन मोकळा. किमी रायकोनेन गेल्या वर्षी याच अबू धाबीत ब्रेक निकामी होऊन घरी गेला, आणि चेहरा असा की बसस्टॉपवर बस चुकली. वेटेलने जुलैत हंगेरीच्या आधी गुरुवारी सांगितलं. आयुष्यभर सोशल मीडियाला न शिवलेल्या माणसाने त्यासाठी इन्स्टाग्रामवर खातं उघडलं, काळ्या-पांढऱ्या चित्रफितीत शांतपणे बोलला. मुलांना वाढताना बघायचंय, आणि शर्यतीला जेवढा वेळ द्यावा लागतो तेवढा द्यायचा नाहीये, असा त्याचा सूर होता. ३५ व्या वर्षी. ॲस्टन मार्टिन संघातली त्याची जागा कोणी घेतली? ४१ वर्षांच्या अलोन्सोने. भाचेसाहेब, आता तुम्ही त्या संघाचा हिरवा शर्ट शिवायला टाका.


ओव्हिएदोचा_भाचा
सोमवार, दुपारी ३:५२

काका, शर्ट कधीच शिवून झाला.

आणि आमच्या मामाने, म्हणजे अलोन्सोने, अबू धाबीत वेटेलच्या रंगांचं हेल्मेट घातलं होतं हेही लिहा की. तीन आणि चार गुणांनी दोन विजेतेपदं ज्याने हिसकावली, त्याच्यासाठी. (कालच्या शर्यतीत मामाची गाडी मध्येच पाणी गळून बंद पडली, तो विषय नको.)


कोरडा_टायर
सोमवार, संध्याकाळी ५:१०

सगळे रडत असताना मी पाणी ओततो, माफ करा.

पर्यावरणाचा एवढा पुळका, आणि अंगातल्या सूटवर सौदी तेल कंपनीचं नाव. मायामीला 'पाण्याखालची पहिली ग्रां प्री, २०६०' असा टी-शर्ट, कॅनडात तेल-वाळूच्या खाणींविरुद्ध हेल्मेट, आणि मग रविवारी ३०० किलोमीटर इंधन जाळायचं. वर्षभर विमानं, कंटेनर, ट्रक. हे काय गणित आहे?


पिटलेन_पोरगी
सोमवार, संध्याकाळी ५:४४

कोरडा_टायर, हेच गणित त्याला मे महिन्यात बीबीसीच्या 'क्वेश्चन टाइम'मध्ये तोंडावर विचारलं होतं, की मग तुम्ही ढोंगी नाही का? तो म्हणाला, हो. लोक हसले, तोही हसला, आणि मग मुद्द्याचं बोलला. असं 'हो' म्हणणारा दुसरा एक खेळाडू मला दाखवा, मी वाट बघते.

मी इथे सगळ्यांत नवी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये बघायला लागले. म्हणजे मी वेटेलला एकदाही जिंकताना बघितलेलं नाही! त्याचा शेवटचा विजय २०१९ चा, सिंगापूरचा. तुम्ही लोक ज्या बोटाबद्दल बोलताय ते मी फक्त व्हिडिओत बघितलंय. माझ्यासाठी वेटेल म्हणजे बारावा-तेरावा येणारा, केस वाढवलेला एक काका, जो गेल्या वर्षी सिल्व्हरस्टोनला शर्यत संपल्यावर हातमोजे घालून प्रेक्षकांच्या स्टँडमधला कचरा उचलत होता. हंगेरीत राष्ट्रगीताच्या वेळी इंद्रधनुषी टी-शर्ट घालून उभा राहिला आणि ताकीद खाल्ली. त्याच दिवशी दुसरा आला आणि टाकीत तपासणीपुरतं एक लिटर इंधन उरलं नव्हतं म्हणून बादही झाला. जेद्दाला तिथल्या मुलींसाठी कार्टची शर्यत ठेवली. फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा मी रशियात सोचीच्या शर्यतीला जाणार नाही असं आधी तो म्हणाला, निर्णय मग आले. आणि किमीबरोबर बॅडमिंटन खेळायचा! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी हे सांगितलं तर तिघांनी विचारलं, कुठल्या क्लबात?

तुम्ही सगळे म्हणता तो आधी कसा होता आणि मग बदलला. मला तो बदललेलाच भेटलाय. त्यामुळे तुमचा प्रश्न मला नीट कळत नाही, पण काल मीही रडले. 'ड्रायव्हर ऑफ द डे'चं मतही त्यालाच दिलं. मिळालं पण त्यालाच.


कोरडा_टायर
सोमवार, संध्याकाळी ६:०२

ते 'हो' मला माहीत नव्हतं. मत राखून ठेवतो, पण आवाज खाली घेतो.

यंदा सिल्व्हरस्टोनला त्याने मॅन्सेलची १९९२ ची विल्यम्स चालवली होती ना, स्वतः विकत घेतलेली? त्यात कार्बनचा भार न वाढवणारं इंधन घातलं होतं. इंजिनाचा तो जुना आवाज आणि नवं इंधन. म्हटलं तर नौटंकी, पण मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला, हेही प्रामाणिकपणे सांगतो.


नोएडावासी_मराठी
सोमवार, रात्री ९:२०

उशिरा आलो. बुद्ध सर्किटचा विषय निघालाय म्हणून.

भारतात तीनच शर्यती झाल्या, २०११, १२, १३, आणि तिन्ही वेटेलने जिंकल्या. २०११ ला तर पोल, सर्वांत वेगवान फेरी आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत आघाडी. त्या वर्षी चौकटीचा झेंडा सचिनने दाखवला, शुक्रवारच्या सरावात ट्रॅकवर कुत्रं आलं आणि जगभर आपली शोभा झाली. कुत्रंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. मग कर. हा खेळ आहे की करमणूक, यावरून राज्याशी भांडण, त्यातून आयकराचं प्रकरण, ते २०१७ ला सर्वोच्च न्यायालयापर्यंत. तोवर शर्यत केव्हाच गेली होती.

मी यमुना एक्सप्रेसवेवरून अधूनमधून जातो. डाव्या हाताला तो स्टँड दिसतो. सव्वापाच किलोमीटरला थोडा कमी असा ट्रॅक. एकच माणूस इथला राजा, आणि त्याचं राज्य तीन दिवाळ्यांचं.

अवांतर: शेवटी तो ज्या ॲस्टन मार्टिनमधून निवृत्त झाला ती म्हणजे आपली फोर्स इंडियाच की. मल्ल्यांचा संघ बुडाला, रेसिंग पॉइंट झाला, मग हिरवा रंग लागला. कारखाना तोच, सिल्व्हरस्टोनच्या दारात. त्याच्याही आधी ती जॉर्डन होती, आणि १९९१ ला शुमाकर पहिल्यांदा जॉर्डनमध्येच बसला होता. म्हणजे थोरल्याने ज्या घरातून सुरुवात केली, त्या घरातून धाकटा बाहेर पडला.


रंकाळ्यावरनं
सोमवार, रात्री ९:४१

हे शेवटचं वाचून अंगावर काटा आला राव.

पण कालची स्ट्रॅटेजी कुणाच्या डोक्यातनं निघाली? पोरगं नववं सुटलंय, गाडीला दम हाय, आणि ह्यांनी एकाच पिटस्टॉपवर, म्हंजे एकदाच टायर बदलून, जुन्या टायरांवर ठेवलं. नव्या टायरांवाले मागनं येऊन टपाटप पुढं. स्ट्रोल आठवा, हा दहावा. वर संघाचे गुण ५५, अल्फा रोमिओचे बी ५५, आणि सहावा नंबर अल्फाला गेला. एक जागा वर आला असता तर? निरोपाच्या दिवशी तरी माणसाला धड टायर द्या की.


जुना_अँटेना
सोमवार, रात्री ९:५८

कोल्हापूरकर, सहमत. पण शेवटच्या फेरीत तो कुणाच्या मागे होता ते बघितलंत का? रिकार्डोच्या. अगदी खेटून. भाचेसाहेबांनी सकाळी ज्याचा हिशोब दिला तोच रिकार्डो, आणि तोही मॅकलारेनमधून कालच बाहेर पडत होता. नववा आणि दहावा.

गुरुवारी हॅमिल्टनने वीसच्या वीस जणांना जेवायला नेलं, बिलही त्यानेच दिलं म्हणे. २०१७ ला बाकूत सेफ्टी कारच्या मागे याच वेटेलने रागाच्या भरात त्याला गाडीने धडक दिली होती. आमच्या वेळी प्रोस्ट आणि सेन्ना एका टेबलावर बसणं म्हणजे पेपरची बातमी असायची.


चौथा_गिअर
सोमवार, रात्री ११:१५

सगळ्यांचे आभार. दिवसभर मीटिंगमध्ये फोन टेबलाखाली धरून वाचत होतो.

मृण्मयीताईंचं वाचल्यावर मलाही माझी तारीख सापडली. २०१९, कॅनडा. पहिला येऊनही पाच सेकंदांच्या दंडाने दुसरा ठरवला, तेव्हा तो तरातरा चालत आला आणि हॅमिल्टनच्या गाडीसमोरची '१' ची पाटी उचलून स्वतःच्या रिकाम्या जागेसमोर ठेवली. आमच्या चाळीत कॅरममध्ये वाद झाला की आम्ही असाच पटावरचा क्वीन खिशात घालायचो. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याच्या बाजूने ओरडलो होतो. माझ्याच लक्षात नव्हतं, आत्ता लिहिताना आठवलं.

आणि एक सांगायचं राहिलं. काल शर्यत संपल्यावर नोएडाच्या मित्राचा मेसेज आला. नऊ वर्षं झाली, मध्ये आमचं बोलणंही कमी झालंय. एकच ओळ: "आता तरी वाजवलीस का?"

वाजवली होती. हॉलमध्ये उभा राहून. धाकटा रिमोट हातात घेऊन शेजारीच थांबला होता. म्हणाला, "बाबा, झालं ना आता? लावू?"